अधिकारवाणीने बायबलचे वचन शिकवायचे असेल तर: उतारा निवडण्यापासून रविवारच्या दुपारपर्यंत

"गाण्यात त्यांचा अधिकार आहे" असे म्हणताना आपल्या मनात व्यासंग असतो. "त्याला बोलायचा अधिकार काय?" असे विचारताना आपण नेमणुकीबद्दल, हक्काबद्दल विचारत असतो. मार्क १:२२ मध्ये (म्हणजे बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातल्या बाविसाव्या ओवीत; ओवी म्हणजे आकडा घातलेले वचन) कफर्णहूमच्या सभास्थानातले लोक येशूच्या शिकवणीने थक्क झाले, कारण तो शास्त्र्यांसारखा, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्या यहूदी पंडितांसारखा नव्हे, तर अधिकार असल्यासारखा शिकवत होता. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे एक्झुसिया, आणि त्यात हक्काचा अर्थ ठळक आहे. ताकदीसाठी, सामर्थ्यासाठी ग्रीकमध्ये दुनामिस हा वेगळा शब्द आहे. हा फरक शिकवणाऱ्याने आधी स्वतःच्या मनात पक्का करावा. आवाज चढवला की सामर्थ्याचा भास होतो, पण अधिकार त्याने येत नाही.

२ तीमथ्य ४:२ मध्ये वचनाची घोषणा करण्याची आज्ञा आहे. तिथले क्रियापद ज्या शब्दाशी जोडलेले आहे तो केरुक्स म्हणजे आपल्याकडचा दवंडी देणारा. गावात कोतवाल दवंडी द्यायचा. हुद्द्याने तो गावकामगारांत सगळ्यांत खालचा, तरी त्याची हाक ऐकून गाव थांबायचे, कारण निरोप वरून आलेला असायचा. त्यात पदरचा एक शब्द वाढवायची त्याला मुभा नव्हती, आणि नको असलेली बातमी गिळून टाकायचीही नव्हती. ख्रिस्ती शिक्षकाचा अधिकार याच जातीचा आहे. तो उताऱ्यात असतो, आणि उताऱ्याशी जितके इमान तितकाच तो शिक्षकाकडे येतो. याची परीक्षाही साधी आहे: तुम्ही जे ठामपणे सांगितले त्या प्रत्येक गोष्टीसाठी बाकावर बसलेल्या माणसाला आपल्या बायबलमधल्या ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे.

पुढची सगळी पद्धत या बोटासाठी आहे. उदाहरणाला मार्क २:१–१२ घेतले आहे, छपरातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाचा प्रसंग. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि ओळखीच्या उताऱ्यावरच शिकवणारे जास्त घसरतात.

आधी नेमणूक, आणि आधी स्वतः

याकोब ३:१ मध्ये पुष्कळांनी शिक्षक होऊ नये असे स्पष्ट बजावले आहे, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे. म्हणून स्वतःहून व्यासपीठावर चढू नका. मंडळीने, पाळकांनी किंवा वडील मंडळाने काम सोपवलेले असावे. रोमन कॅथोलिक चर्चमध्ये मिस्सातले (मुख्य उपासनेतले) प्रवचन चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ७६७ नुसार याजक किंवा डीकन (याजकाखालचा दीक्षित सेवक) यांच्याकडेच राखलेले आहे. इतरांना धर्मशिक्षणाचे वर्ग, प्रार्थनासभा, बायबल अभ्यासगट अशी इतर जागा असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सामान्य सभासदही संदेश देतात, पण तिथेही "कोणाच्या परवानगीने?" याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे.

एज्रा ७:१० मध्ये क्रम दिलेला आहे: नियमशास्त्राचा अभ्यास, मग ते पाळणे, मग शिकवणे. मधली पायरी गाळली जाते. उतारा हाती आला की पहिल्याच दिवशी वहीत एक ओळ लिहा: "या आठवड्यात यातले मी काय करणार आहे?" पापक्षमेवर शिकवायचे असेल आणि भावाशी बांधावरून दोन वर्षे अबोला असेल, तर आधी भावाचे घर गाठा. मत्तय ५:२३–२४ मधला क्रमही तोच आहे, आधी समेट आणि मग अर्पण. हे केल्याने तुमचा संदेश अधिक चांगला होईलच असे नाही. पण मंडळीतली निम्मी माणसे तुम्हाला रविवारखेरीज सहा दिवस ओळखतात, आणि ती तुमचे ऐकताना हे सगळे धरूनच ऐकतात.

सोमवार: उतारा ठरवा आणि त्याची हद्द आखा

मंडळीत वाचनमाला, म्हणजे कोणत्या रविवारी कोणता उतारा याची ठरलेली यादी, असेल तर तिलाच धरा. आवडते विषय पुन्हा पुन्हा उगाळण्यापासून ती वाचवते. नसेल तर एक पुस्तक घ्या आणि क्रमाने चाला. पंचवीस मिनिटांच्या संदेशाला दहा ते पंधरा ओव्या पुरतात. पत्रांमध्ये पाच-सहासुद्धा भरपूर होतात. कथा असेल तर कथा पूर्ण घ्या, मध्ये तोडू नका.

हद्द आखताना मागे-पुढे एकेक अध्याय वाचा. मार्क २:१ ते ३:६ या भागात वादाचे पाच प्रसंग ओळीने येतात आणि शेवटी येशूला मारण्याचा बेत होतो. त्याआधी १:२२ आणि १:२७ मध्ये लोक त्याच्या अधिकाराबद्दल बोलत असतात. म्हणजे २:१० मध्ये "अधिकार" हा शब्द आला की तो नवीन नाही. लेखक तो धागा मागून ओढत आणतो आहे. एवढे दिसले की संदेशाची निम्मी दिशा ठरते.

मंगळवार: दहा वेळा वाचन, त्यातले तीन वेळा मोठ्याने

अजून टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरचे भाष्य, उघडू नका, यूट्यूबवर तर मुळीच जाऊ नका. दुसऱ्याचा संदेश एकदा कानात बसला की उतारा आपल्याला स्वतःच्या आवाजात ऐकू येत नाही. कोऱ्या कागदावर डावीकडे ओवीचा आकडा आणि उजवीकडे फक्त क्रियापदे लिहा. कोण काय करतो, कोण काय म्हणतो, कोण नुसते मनात आणतो.

या कागदावर मार्क २ असा दिसू लागतो. दुसऱ्या ओवीत येशू "वचन सांगत" आहे, म्हणजे चमत्कार शिकवणीच्या मध्येच घडतो. पाचव्या ओवीत तो पक्षघाती माणसाला "मुला" म्हणतो आणि बरे करण्याआधी क्षमा जाहीर करतो. सहाव्या-सातव्या ओवीत शास्त्री एक शब्दही बोलत नाहीत, मनात विचार करतात. आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. देवाशिवाय पापांची क्षमा कोण करणार, हे खरेच आहे. समोर कोण बसले आहे हे मात्र त्यांना दिसत नाही. दहाव्या ओवीत मनुष्याच्या पुत्राला (येशू स्वतःला असे म्हणत असे) पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे, हे त्यांना कळावे म्हणून तो बोलतो, आणि वाक्य मध्येच मोडून पक्षघाती माणसाकडे वळतो. हे मोडलेले वाक्य वाचताना मोडूनच वाचायचे असते. तिथे क्षणभर थांबा.

बुधवार: शब्द आणि भाषांतरे

निदान दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवा. बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र बहुतेक मंडळ्यांत वाचले जाते, म्हणून मुख्य वाचन त्यातूनच करा. सोप्या मराठीतले एखादे भाषांतर सोबत घ्या. पंडिता रमाबाईंनी (निधन १९२२) हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर मिळाले तर तेही पाहा. त्यांचा सगळा रोख साध्यासुध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीकडे होता. दोन भाषांतरांत जिथे शब्द वेगळा पडतो तिथे खूण करा. बहुधा तिथेच खणायचे असते.

दोन शब्द जवळून पाहू. पवित्र शास्त्रात पक्षघाती माणूस "बाज" उचलून चालू लागतो. आपल्या डोळ्यांसमोर सुतळीने विणलेली लाकडी बाज येते. ग्रीक क्राबात्तोस म्हणजे गरिबाचे हलके अंथरूण. गुंडाळून काखेत मारता येईल असे. ज्यावर चौघांनी त्याला उचलून आणले तेच तो स्वतः उचलून नेतो, हा उलटा झालेला भार ऐकणाऱ्याला दिसला पाहिजे.

दुसरा शब्द छपराचा. मार्कच्या वर्णनात छप्पर उसकून, खणून वाट केली आहे. कोकणातल्या ऐकणाऱ्याला हे कोडे पडते, कारण कौले खणत नाहीत, काढतात. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे "माळवद" म्हटले की कोडे सुटते: लाकडे, त्यावर काटक्या आणि वर चोपलेली माती. कफर्णहूमच्या भागातली घरे साधारण तशीच सपाट मातीच्या छपराची होती. लूक ५:१९ मध्ये मात्र कौलांचा उल्लेख येतो. कोणी हे विचारलेच तर उत्तर तयार ठेवा, पण आपण होऊन त्यावर पाच मिनिटे घालवू नका.

टीकाग्रंथ बुधवारी संध्याकाळी उघडावा. तोवर तुमचे प्रश्न तयार असतात आणि तुम्ही त्यात उत्तरे शोधता. उलट क्रमाने गेलात तर त्याची मते नकळत तुमची होतात आणि व्यासपीठावर ती उसनी वाटतात.

गुरुवार: एक वाक्य

संपूर्ण उतारा काय सांगतो ते वीसेक शब्दांत लिहा. मार्क २ साठी: "येशूला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे, आणि न दिसणारी ती क्षमा त्याने दिसणाऱ्या कृतीने सिद्ध केली." हे वाक्य जमले नाही तर रविवारी बोलायची वेळ अजून आलेली नाही, पुन्हा मंगळवारच्या कागदाकडे जा.

याच पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात. या उताऱ्यावरच्या संदेशांत चौघा मित्रांना नावे दिली जातात: विश्वास, प्रार्थना, प्रीती, एकी. ऐकायला गोड, लक्षात राहायला सोपे. पण बोट कुठे ठेवायचे? चौघे होते एवढेच तिसरी ओवी सांगते, आणि पाचवी सांगते की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. नावे शिक्षकाने घातली. मंडळी ती नावे घरी घेऊन जाते आणि पापक्षमेचा अधिकार, ज्यासाठी मार्कने प्रसंग लिहिला, तो जागेवरच राहतो. "आयुष्यातली छपरे फोडा" हा दुसरा प्रकारही असाच आहे.

तिसरा प्रकार गोड नाही, इजा करणारा आहे. आधी क्षमा, मग बरे होणे, यावरून "प्रत्येक आजारामागे पाप असते" असा निष्कर्ष काढला जातो. योहान ९:३ मध्ये जन्मांध माणसाबद्दल येशूने हे समीकरण स्पष्ट नाकारले आहे. तुमच्यासमोर अर्धांगवायू झालेल्या वडिलांना घरी झोपवून आलेली मुलगी बसलेली असते. "विश्वास कमी पडला" हे शब्द तिच्यावर पडले तर ते वर्षानुवर्षे निघत नाहीत. आणि कोणालाही डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगण्याचा अधिकार व्यासपीठावरून कोणालाही मिळालेला नाही.

एकेकटी तोडलेली वचनेही याच पायरीवर तपासा. यिर्मया २९:११ मधल्या चांगल्या भविष्याच्या अभिवचनाआधी दहाव्या ओवीत सत्तर वर्षांचा बंदिवास आहे. परीक्षेच्या निकालाआधी ते वाचताना हे लपवू नये. फिलिप्पै ४:१३ हे यशाचे वचन नाही. त्याच्या आधीच्या ओवीत पत्राचा लेखक प्रेषित पौल भूक आणि विपुलता दोन्ही सोसायला शिकल्याचे सांगतो.

शुक्रवार: तीन खुणा

या पायरीला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो, आणि हीच बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. १ करिंथ ७ उघडा. दहाव्या ओवीत पौल म्हणतो, ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची. बाराव्यात म्हणतो, हे प्रभू नव्हे, मी सांगतो. पंचविसाव्यात म्हणतो, प्रभूची आज्ञा माझ्याजवळ नाही, पण मत देतो. प्रेषित असून तो तीन दर्जे वेगळे ठेवतो.

तुमच्या मसुद्यातल्या प्रत्येक ठाम वाक्यापुढे खूण करा. "व" म्हणजे वचन तसे म्हणते. बोट ठेवता येते. "नि" म्हणजे वचनावरून निघते. दोन-तीन उतारे जोडून दाखवता येते. "म" म्हणजे माझे मत, माझा सल्ला. मग बोलताना तसेच बोला: "वचन म्हणते", "यावरून मला असे दिसते", "हा माझा सल्ला आहे, आज्ञा नाही." मुलांनी मोबाइल किती वेळ बघावा, लग्नात डीजे असावा का, अर्पण पाकिटातून द्यावे की ऑनलाइन, या गोष्टी बहुतेक "म" मध्ये येतात. त्या "व" च्या आवाजात सांगितल्या की काही महिन्यांत लोक तुमचे खरे "व" सुद्धा सल्ल्यासारखेच ऐकू लागतात.

"देवाने मला सांगितले" हे शब्द तर जपून वापरायचे, आणि अर्पण, लग्नसंबंध, जमीनजुमला, मंडळीतले मतदान यांच्या संदर्भात मुळीच नाही. त्यांच्यावर ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि जिथे प्रश्न विचारता येत नाही तिथे १ थेस्सलनी ५:२१ ची, सर्व गोष्टींची पारख करण्याची, आज्ञा पाळता येत नाही.

"माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे स्तोत्र १०५:१५ मधले वचन शिक्षकाने टीकेविरुद्ध ढाल म्हणून वापरणे हाही अधिकाराचा गैरवापर आहे. स्तोत्रात ते थोडक्या संख्येने परक्या मुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, आणि दटावणी राजांना आहे. दुबळ्यांच्या संरक्षणाचे वचन बळकट माणसाने आपल्याभोवती गुंडाळू नये.

मांडणी आणि मराठी

पंचवीस मिनिटांची विभागणी साधारण अशी: वाचनासाठी दोन, सुरुवातीला तीन, उताऱ्याच्या उलगड्याला बारा, आजच्या जगण्याशी जोडायला सहा, शेवटाला दोन. थांबे धरून मिनिटाला सुमारे शंभर शब्द बोलले जातात, म्हणजे पूर्ण लिखित मसुदा अडीच हजार शब्दांच्या आसपास. पहिली दोन वर्षे पूर्ण लिहा. नंतर टिपण पुरेल, पण सुरुवातीचा आणि शेवटचा परिच्छेद तरीही शब्दशः लिहिलेला असावा. भरकटणे तिथेच होते.

भाषा घरची असू द्या. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, ते मराठी ओवी छंदात. नव्या ख्रिस्ती लोकांच्या कानाला ओवी सवयीची होती. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाची वाट धरली. चारशे वर्षांची ही शिदोरी हाताशी असताना "प्रभूने ब्रेकथ्रू दिला, फेवर रिलीज केला" असे बोलायची गरज नाही. हिंदी संमेलनातले वाक्प्रचारही तसेच. "नीतिमान ठरवणे", "प्रायश्चित्त", "पवित्रीकरण" हे शब्द टाळू नका, पण पहिल्यांदा आले की एका साध्या वाक्यात उलगडा.

जोडणी करताना माणसे डोळ्यांसमोर आणा: पाळीत काम करणारा, सुनेशी न पटणारी आजी, बारावीचा मुलगा, दारू सोडून चार महिने झालेला. प्रत्येकाला या उताऱ्यातले काय लागू पडते ते एकेक ओळ लिहा, पण कोणाची ओळख पटेल असे बोलू नका. घरी जाऊन ऐकलेली गोष्ट व्यासपीठावर आली की त्या घराचे दार पुन्हा उघडत नाही.

प्रार्थना ही शनिवार रात्रीची पुरवणी नाही. प्रेषितांची कृत्ये ६:४ मध्ये प्रार्थना आणि वचनाची सेवा एकत्र येतात. वरच्या चार-पाच माणसांसाठी आठवडाभर नावे घेऊन प्रार्थना करा. १ करिंथ २:४–५ मध्ये पौलाची चिंता ही होती की लोकांचा विश्वास माणसांच्या ज्ञानावर उभा राहू नये. तीच मागणी स्वतःसाठी करा.

रविवार

उपासनेआधी अर्धा तास पोहोचा. माइक तपासा आणि मिक्सरवरचा एको बंद करायला सांगा. एकोने आवाज भारदस्त वाटतो, पण मागच्या बाकावर शब्द फुटतात आणि वयस्कर माणसांना काहीच कळत नाही. उतारा सांगून झाला की थांबा. पाने उलटण्याचा आवाज बंद होईपर्यंत, दहा-पंधरा सेकंद. मग सावकाश वाचा. नहेम्या ८:८ मध्ये लेव्यांनी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी, स्पष्ट वाचले आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगितला. वाचन हे त्यात अर्धे काम होते.

उलगडा करताना दर दोन-तीन मिनिटांनी ओवीचा आकडा घ्या: "सातवी ओवी पाहा." माना खाली गेल्या पाहिजेत. आवाज तुमचा रोजचाच ठेवा. "आमेन म्हणा", "शेजाऱ्याला सांगा" असे वारंवार करवून घेतल्याने प्रतिसाद मिळतो, पण तो तुम्हाला मिळतो. कडक वचन आले तर कडकच वाचा, फक्त "तुम्ही" च्या जागी जिथे खरे असेल तिथे "आपण" म्हणा. शेवटी कीबोर्डवर मंद सूर धरून निर्णय घ्यायला लावू नका. आणि लोकांची मने हेलावलेली असताना लगेच अर्पणाची थैली फिरवू नका. मध्ये एक गीत, एक प्रार्थना जाऊ द्या.

नंतर

बिरुया या शहरातले लोक पौल जे सांगत होता ते तसेच आहे का, हे दररोज शास्त्रात शोधून पाहत होते (प्रेषितांची कृत्ये १७:११), आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली आहे. म्हणून चहाच्या वेळी पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवा. उत्तर येत नसेल तर "अभ्यास करून पुढच्या रविवारी सांगतो" म्हणा, प्रश्न वहीत लिहा, आणि खरोखर सांगा.

दोन माणसे आधीच ठरवून ठेवा, एक वयाने मोठे आणि एक तरुण. त्यांना तीनच गोष्टी विचारा: मुख्य वाक्य काय होते, कुठे लक्ष उडाले, कोणत्या वाक्यासाठी ओवी सापडली नाही. पहिल्याचे उत्तर तुमच्या गुरुवारच्या वाक्याशी जुळले नाही तर दोष ऐकणाऱ्याचा नाही. अपुल्लो हा उपदेशक शास्त्रात पारंगत होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६), आणि त्याने ऐकून घेतले.

चूक सापडली तर तिचे माप पाहा. आकडा चुकला, नाव चुकले, तर ज्याने विचारले त्याला सांगून भागते. पण उताऱ्याचा अर्थच चुकीचा सांगितला असेल तर पुढच्या रविवारी त्याच जागेवरून, संदेशाच्या सुरुवातीला, दोन वाक्यांत दुरुस्ती करा: मागच्या वेळी मी असे म्हणालो, ओवी असे म्हणते. सबब नको, लांबण नको. मग मसुद्यावर तारीख, उतारा, आलेले प्रश्न आणि ही दुरुस्ती लाल शाईने लिहून तो फाइलमध्ये लावा; तीन वर्षांनी मार्क २ पुन्हा वाट्याला येईल तेव्हा तो कागद आधी काढा.